मिश्र जोडीची अळी

‘किडीला आता औषधाची सवय झाली’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडते की त्यात काही चुकते आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. मला मात्र ते दर वेळी खटकते. सवय एकट्या जिवाला लागते. एखाद्या अळीने आज थोडे विष खाल्ले, उद्या थोडे अधिक खाल्ले आणि परवा ती विषाला दाद देईनाशी झाली, असे घडत नाही; ती मरते किंवा वाचते, एवढेच. फवारणीपूर्वीही त्या लाखो अळ्यांत काही मोजक्या अशा असतात की ज्यांच्या एखाद्या जनुकात जन्मतःच बदल झालेला असतो, आणि बाकीच्या मेल्यानंतर पुढची पिढी या मोजक्यांच्या पोटी येते. औषधाने प्रतिकारक्षमता निर्माण केलेली नसते. जी होती तिला त्याने वाट मोकळी करून दिलेली असते.

दुसरा समज याहून अधिक घातक आहे. कीटकनाशक जिवाणू, विषाणू किंवा वनस्पती यांपासून मिळालेले असेल तर कीड त्याला दाद देणारच, कारण ते ‘नैसर्गिक’ आहे, असा हा समज आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी, या जिवाणूबद्दल तो कित्येक दशके टिकला. 1901 मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांनी रोगट रेशीमकिड्यांत हा जिवाणू पाहिला, 1911 मध्ये जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना तो पिठातील पतंगाच्या अळीत पुन्हा सापडला आणि 1938 मध्ये फ्रान्समध्ये त्यापासून बनवलेले पहिले कीटकनाशक विक्रीस आले. त्यानंतर जवळपास अर्धे शतक त्याच्याविरुद्ध लक्षणीय प्रतिकार आढळला नाही. मग 1985 मध्ये विल्यम मॅकगॉघी यांनी साठवलेल्या धान्यातील एका पतंगावरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: बीटीची प्रक्रिया केलेल्या धान्यकोठ्यांतून आणलेल्या अळ्यांची प्रतिकारक्षमता केवळ दोन पिढ्यांच्या निवडीत जवळपास तीसपट वाढली, पंधरा पिढ्यांनंतर ती शंभरपटीवर जाऊन स्थिरावली, आणि तिचे संक्रमण अप्रभावी गुणाप्रमाणे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणाऱ्या गुणाप्रमाणे, होत होते. त्या काळात सर्वांचे लक्ष ‘शंभरपट’ या आकड्याने वेधले. मला त्याच अहवालातील ‘अप्रभावी’ हा शब्द जास्त मोलाचा वाटतो, कारण पुढची चाळीस वर्षे त्याच शब्दाभोवती फिरत राहिली.

आधी विष काम कसे करते ते पाहू. बीटीच्या स्फटिकांतले क्राय प्रथिन अळीने खाल्ले की तिच्या मध्य आतड्यातील अल्कधर्मी रसात ते विरघळते, तिथली पाचक विकरे त्याचा काही भाग छाटून टाकतात आणि उरलेला क्रियाशील भाग आतड्याच्या पेशींवरील ठरावीक ग्राही प्रथिनांना चिकटतो. चिकटलेले रेणू एकत्र येऊन पेशीच्या पटलात छिद्रे पाडतात, पेशी फुगून फुटतात, अळी खाणे थांबवते आणि मरते. यातली प्रत्येक पायरी अळीच्याच शरीरावर अवलंबून आहे. तिचा आतड्यातला रस, तिची विकरे आणि तिचेच ग्राही यांनी साथ दिली नाही तर विष आतड्यातून तसेच बाहेर पडते. ज्यांच्या अंगी ही यंत्रणाच नाही अशा प्राण्यांना बीटीपासून अपाय होत नाही याचे कारण हेच, आणि अळीला सुटकेची वाट मिळते तीही इथेच.

ती वाट नेमकी कोणत्या जनुकात आहे, हे 2001 मध्ये प्रथम स्पष्ट झाले. तंबाखूवरील कळ्या पोखरणाऱ्या अळीच्या एका प्रतिकारक वाणात, कॅडहेरिन नावाचे ग्राही प्रथिन तयार करणाऱ्या जनुकामध्ये डीएनएचा एक भटका तुकडा घुसलेला आढळला. स्वतःच्या नकला करून त्या गुणसूत्रांत इतरत्र घुसवणारे असे तुकडे जवळपास सर्व सजीवांत असतात. या एका तुकड्यामुळे जनुकाचे वाचन मध्येच तुटले, पूर्ण प्रथिन तयार होईना आणि विषाला चिकटायला जागा उरली नाही. 2010 मध्ये त्याच अळीत दुसरे जनुक हाती लागले. ते एबीसीसी-2 नावाच्या वाहक प्रथिनाचे होते. वर्षभरातच कोबीवर्गीय पिकांवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगात (डायमंडबॅक मॉथ) आणि कोबीवरील उंटअळीतही प्रतिकार त्याच जनुकाशी जोडलेला दिसला, आणि 2012 मध्ये रेशीमकिड्यात, म्हणजे ज्या किड्यात हा जिवाणू पहिल्यांदा दिसला होता त्याच किड्यात, एबीसीसी-2 मध्ये टायरोसिन हे एकच अमिनो आम्ल जास्तीचे आले तरी विष निष्प्रभ होते असे सिद्ध झाले. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीत एक मणी जास्त, आणि अळी जिवंत! हे प्रथम वाचले तेव्हा मी तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला होता.

आता अप्रभावी या शब्दाकडे येतो. प्रत्येक अळीत या जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून आलेली. एक प्रत बिघडलेली आणि एक साधी असेल तर साध्या प्रतीपासून ग्राही प्रथिन तयार होतच राहते. ते निम्मे असले तरी विषाला चिकटायला पुरेसे ठरते आणि अळी मरते. म्हणून एखादे काम बंद पडण्यातून आलेला प्रतिकार सहसा अप्रभावी असतो: दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच अळी वाचते. एक साधी आणि एक प्रतिकारक प्रत बाळगणाऱ्या जिवाला शास्त्रात विषमयुग्मजी म्हणतात. मी तिला इथे मिश्र जोडीची अळी म्हणेन, कारण प्रतिकाराचे सगळे जनुकशास्त्र माझ्या मते या एका अळीच्या नशिबाचे शास्त्र आहे.

ती इतकी महत्त्वाची का, हे साध्या गुणाकाराने कळते. समजा, एखाद्या जनुकाच्या दर हजार प्रतींत एक प्रतिकारक आहे. अशा दोन प्रती एकाच अळीत एकत्र येण्याची शक्यता दहा लाखांत एक. पण त्याच दहा लाख अळ्यांत मिश्र जोडीच्या अळ्या 1,998 असतात. म्हणजे पूर्ण प्रतिकारक अशा एका अळीमागे जवळपास दोन हजार अळ्या हे जनुक गुपचूप वाहत असतात. हा काही कल्पनेतला आकडा नाही. फ्रेड गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये तंबाखूवरील त्याच अळीचे शेतातून पकडलेले नर प्रयोगशाळेतल्या प्रतिकारक माद्यांशी एकेक करून जुळवले. नराकडे एक जरी प्रतिकारक प्रत असली तरी त्याची निम्मी पिल्ले विषावर जगणार, हा त्यामागचा हिशेब होता. त्यांना आढळलेले प्रमाण दर हजार प्रतींत सुमारे दीड होते. बीटीची पिके शेतात सर्वत्र पोचण्याच्या आधीच हे प्रमाण एवढे होते.

तेव्हा प्रश्न असा उरतो की शेतात ही मिश्र जोडीची अळी मरते की जगते. ती मरत असेल तर प्रतिकारक प्रतींचा जवळपास सगळा साठा तिच्याबरोबर नष्ट होतो आणि प्रतिकार अतिशय सावकाश वाढतो. ती जगत असेल तर कीटकनाशक काही वर्षांतच हातचे जाते. याचे उत्तर केवळ जनुक देत नाही, मात्राही देते. विष भरपूर असेल तर निम्म्या ग्राहींच्या जोरावरही ते मिश्र अळीला मारते. विष विरळ झाले की तीच अळी तग धरते आणि अप्रभावी म्हणून ओळखला जाणारा गुण शेतात प्रभावी, म्हणजे एकाच प्रतीवर दिसणारा, असल्यासारखा वागू लागतो. प्रभावी आणि अप्रभावी हे जनुकाच्या अंगावर कायमचे कोरलेले शिक्के आहेत, असे मेंडेलचे नियम पाठ करताना वाटते. प्रत्यक्षात ते परिस्थितीप्रमाणे बदलतात. बीटीच्या फवारणीतले प्रथिन सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे आणि पावसामुळे काही दिवसांत क्षीण होते. याचा अर्थ प्रत्येक फवारणी, पानावर ती उरलेली असताना, अशा काही दिवसांतून जाते की ज्यांत साधी अळी मरते आणि मिश्र जोडीची वाचते. शेतात बीटीच्या फवारणीला ठळक प्रतिकार दाखवणारी पहिली कीड 1990 मध्ये हवाई बेटांवरून नोंदली गेली, ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची. जिथे वारंवार फवारणी झाली होती तिथल्याच अळ्यांत हा प्रतिकार सर्वाधिक होता.

पिकातच बीटीचे जनुक घातले की ही विरळ मात्रेची अडचण सुटेल, अशी अपेक्षा होती आणि ती अगदीच चुकीची नव्हती. ‘उच्च मात्रा आणि आश्रयपट्टा’ या नावाने ओळखली जाणारी योजना तिच्यावरच उभी आहे. पिकात विष इतके असावे की मिश्र जोडीची अळी मरावी, आणि शेजारी बिगर-बीटी पिकाचा पट्टा असावा, की ज्यातून साध्या पतंगांची मोठी संख्या बाहेर पडावी. बीटी पिकातून वाचलेला एखादा पूर्ण प्रतिकारक पतंग मग बहुधा साध्या पतंगाशीच जुळतो, त्यांची पिल्ले मिश्र जोडीची होतात आणि उच्च मात्रेने मरतात. बिगर-बीटीच्या ओळी म्हणजे वाया घालवलेली जमीन, अशी समजूत आजही आढळते आणि ती ऐकून मला वाईट वाटते. त्या ओळींमधून निघणारे पतंग हे त्या योजनेचे निम्मे अंग आहे.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत या योजनेचे तीन देशांत तीन निकाल लागले. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये 1996 पासून बीटी कपाशीबरोबर आश्रयपट्टे काटेकोरपणे राखले गेले आणि प्रतिकारक प्रतींचे प्रमाण वर्षानुवर्षे कमीच राहिले. पुढे 2006 पासून तिथे निर्बीज केलेले पतंग मोठ्या संख्येने सोडून साध्या पतंगांचे जुळणीचे काम त्यांच्याकडून करून घेण्यात आले, आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या कपाशीतून ही कीड नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. चीनमध्ये यांग्त्सी नदीच्या खोऱ्यात प्रतिकार वाढू लागला होता, पण शेतकऱ्यांनी संकरित बियाण्याची दुसरी पिढी पेरायला सुरुवात केली आणि मेंडेलच्या प्रमाणानुसार त्यात दर चार झाडांमागे एक झाड बिगर-बीटी निघाले. कोणीही न आखलेला हा आश्रय शेतभर विखुरला गेला आणि 2010 नंतर प्रतिकार उलट खाली आला.

भारतात 2002 मध्ये एका जनुकाच्या आणि 2006 मध्ये दोन जनुकांच्या बीटी कपाशीला मंजुरी मिळाली. आश्रयपट्ट्यासाठी बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी दिली जात असे, पण ती बहुतेक ठिकाणी पेरलीच गेली नाही. 2010 पर्यंत गुलाबी बोंडअळीने क्राय-1-एसी या प्रथिनाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत क्राय-2-एबी या दुसऱ्या प्रथिनालाही दाद देणे सोडले. याला जोडून एक जनुकशास्त्रीय बाब आहे, जिची चर्चा व्हावी तितकी होत नाही. भारतातील बीटी कपाशी प्रामुख्याने संकरित आहे. संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते, म्हणून त्याच्या बोंडातील सरक्या ही आधीच पुढची पिढी असल्यामुळे त्यांत 3:1 असे विभाजन होते. एकाच बोंडात काही सरक्या विषारी आणि काही बिनविषारी असतात. गुलाबी बोंडअळी नेमकी सरकी खाते. एका सरकीतून दुसरीत जाणाऱ्या अळीच्या पोटात मग पूर्ण मात्रा न जाता तुटक-तुटक मात्रा जाते, आणि मिश्र जोडीच्या अळीला जगण्यासाठी याहून सोयीची व्यवस्था मुद्दाम आखूनही करता आली नसती. चीनमध्ये झाडांमध्ये पडलेले 3:1 चे विभाजन उपकारक ठरले आणि बोंडाच्या आत पडलेले तेच विभाजन अपायकारक. प्रमाण तेच, फरक एवढाच की एक अळी आयुष्यभर एका प्रकारचे अन्न खाते की दोन्ही.

इथवरचे सगळे प्रतिकार बिघाडातून आलेले होते. 2018 मध्ये चीनमधील संशोधकांनी हिरव्या बोंडअळीत टेट्रास्पॅनिन कुळातील एका जनुकात वेगळ्या जातीचा बदल दाखवला. डीएनएचे एकच अक्षर बदलले होते, त्यामुळे प्रथिनातील 31 व्या जागेवर ल्युसिनऐवजी सेरिन आले होते, आणि हा प्रतिकार प्रभावी होता. जनुकसंपादनाने साध्या अळीत तोच बदल केल्यावर तीही प्रतिकारक झाली, म्हणजे संशयाला जागा उरली नाही. या बदलाचे प्रमाण उत्तर चीनमध्ये 2006 मध्ये हजार प्रतींत एक होते, ते 2016 मध्ये दहांत एक झाले. इथे मिश्र जोडीची अळी जगते, म्हणून आश्रयपट्ट्याचे गणित लंगडे पडते: साध्या पतंगाशी जुळणी झाली तरी पिल्लांपैकी निम्मी किंवा सगळी प्रतिकारकच निघतात. पट्ट्यामुळे वाढीचा वेग कमी होतो, पण ती थांबत नाही.

विषाणूंची कथा याहून वेगळी आहे, आणि मला ती सर्वांत जास्त शिकवून जाते. सफरचंदावरील कॉडलिंग पतंगाच्या अळीविरुद्ध एक कणिकाविषाणू (ग्रॅन्युलोव्हायरस) वापरतात. हा विषाणू मूळचा मेक्सिकोत 1960 च्या दशकात सापडला आणि युरोपातील तेव्हाची सगळी उत्पादने त्याच एका नमुन्यापासून बनत होती. 2005 च्या सुमारास जर्मनीतील काही बागांमधून हजारपटीहून अधिक प्रतिकाराच्या नोंदी आल्या. 2007 मध्ये त्याचे जनुकीय कारण उलगडले: प्रतिकारक जनुक झेड या लिंगगुणसूत्रावर होते आणि ते प्रभावी होते. पतंगांमध्ये लिंगनिश्चिती माणसाच्या उलट असते; नरात झेडच्या दोन प्रती आणि मादीत एकच. त्यामुळे मादीच्या बाबतीत मिश्र जोडी असा प्रकारच संभवत नाही. तिला मिळालेली एकमेव प्रत प्रतिकारक असली की ती वाचली, आणि तिची अंडी पुढच्या पिढीत. जनुक कोणत्या गुणसूत्रावर बसले आहे एवढ्यावरून प्रसाराचा वेग किती बदलू शकतो, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

त्यावर उपाय मात्र निसर्गातच मिळाला, तो विषाणूच्या इतर नमुन्यांत. ते प्रतिकारक अळ्यांनाही मारत होते. 2014 मध्ये कळले की मेक्सिकोच्या नमुन्यात पीई-38 या जनुकात 24 अक्षरांचा एक जादा तुकडा आहे, जो या नमुन्यांत नाही, आणि अळीचा प्रतिकार त्या तुकड्यापुरताच नेमका होता. रासायनिक रेणूला भाऊबंद नसतात, विषाणूला असतात. मात्र हा लाभ तेव्हाच, जेव्हा आपण एकाच नमुन्याची लाखो लिटर द्रावणे करत बसत नाही.

एकच नेम की अनेक नेम, हा फरक इतरत्रही दिसतो. स्पिनोसॅड हे मातीतील जिवाणूपासून मिळणारे कीटकनाशक किडीच्या चेतापेशींवरील एका ग्राहीच्या अल्फा-6 या घटकावर काम करते. फळमाशीत ते जनुक पूर्ण काढून टाकले तरी माशी जगते आणि हजारपटीहून अधिक प्रतिकारक होते. ज्या घटकाविना कीड जगू शकते त्यावर सगळी भिस्त ठेवणे धोक्याचे असते: हवाईतील त्याच चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने 2000 च्या सुमारास स्पिनोसॅडलाही जुमानेनासे केले. क्युलेक्स डासांच्या अळ्यांविरुद्ध वापरल्या जाणाऱ्या लायसिनिबॅसिलस स्फेरिकस या जिवाणूचे विष एकाच ग्राहीला चिकटते. ब्राझीलमध्ये त्या जनुकातील 19 अक्षरे गळाली आणि डास सुटले. याउलट डासांसाठी वापरल्या जाणाऱ्या बीटीच्या इस्रायलेन्सिस या प्रकारच्या स्फटिकांत चार मुख्य प्रथिने असतात, आणि त्यांतले साइट-1-ए हे ग्राहीची वाट न पाहता थेट पेशीपटलात रुतते व क्राय प्रथिनाला चिकटायला स्वतःच जागा पुरवते. अळीने आपले ग्राही बदलले तरी विष आपले ग्राही सोबत घेऊन येते! दशकानुदशके वापरूनही शेतात आणि डबक्यांत त्याच्याविरुद्ध मोठा प्रतिकार उभा राहिलेला नाही. कडुनिंबाचेही तसेच: 1995 मधील एका प्रयोगात माव्यावर चाळीस पिढ्या निंबोळीतला शुद्ध ॲझाडिरॅक्टिन हा कीटकनाशक घटक वापरला तेव्हा प्रतिकार नऊपट झाला, आणि त्याच काळात पूर्ण निंबोळी अर्कावर वाढवलेल्या माव्यात तो दिसला नाही. शुद्ध रेणू म्हणजे अधिक चांगले औषध, ही आपली घाई इथे तपासून पाहायला हवी.

राहता राहिला प्रश्न शोधण्याचा. शेतातल्या अळ्या गोळा करून विषावर ठेवल्या तर जगणाऱ्या दिसतात. पण जगणारी अळी दिसेपर्यंत, वरच्या गुणाकाराप्रमाणे, मिश्र जोडीच्या अळ्या पिढ्यानुपिढ्या पसरून झालेल्या असतात. डीएनए तपासावा, तर जनुक बिघडण्याच्या वाटा अगणित आहेत: भारतातील गुलाबी बोंडअळीच्या एकट्या कॅडहेरिन जनुकात आठ निरनिराळ्या बिघडलेल्या प्रती सापडल्या आणि त्यांच्या वाचनाचे 19 प्रकार. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगात तर ग्राहींची जनुके शाबूत असूनही त्यांचे वाचनच मंदावल्याने प्रतिकार आलेला दिसतो, म्हणजे ग्राहीच्या जनुकाची चाचणी ‘सर्व ठीक’ सांगेल आणि अळी जगेल.

म्हणून मला 1998 मध्ये मांडली गेलेली नातवंडांची पद्धत फार आवडते. शेतातून आधीच जुळलेली एक मादी पकडायची. तिच्या दोन आणि तिच्या नराच्या दोन, अशा चार प्रती तिच्या अंड्यांत उतरलेल्या असतात. या चारांत एक जरी प्रतिकारक असली तरी तिच्या निम्म्या पिल्लांत ती जाते, पण त्यांतले एकही पिल्लू विषावर जगत नाही. ती पिल्ले वाढवायची, आपसात जुळू द्यायची आणि मग नातवंडांना विष खाऊ घालायचे. सोळांतले एक नातवंड जगते, आणि शेतातून आणलेल्या त्या मादीच्या कुटुंबात लपलेली एकच प्रत दोन पिढ्यांनंतर डोळ्यांना दिसते. जनुक कोणते, बिघाड कोणता, हे आधी ठाऊक असण्याची गरज नसते. मादीमागून मादी, कुटुंबामागून कुटुंब, महिनोन् महिने अळ्या सांभाळण्याचे हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यासाठी हात मिळणे कठीण असते. प्रतिकार प्रभावी असेल तर मात्र ते अर्ध्यावरच संपते, कारण तेव्हा नातवंडांची वाट पाहावी लागत नाही, पहिल्याच पिढीतली पिल्ले विषावर चालू लागतात.